बायबायिन लिपी आणि लागुनाचा ताम्रपट: वाचायचं कसं, लिहायचं कसं आणि घोळ कुठे होतो

बोरू (धागाकर्ता)

फिलिपिन्सवर सामान्यज्ञानाचे प्रश्न निघाले की ठरलेल्या तीन गोष्टी येतात. राजधानी मनिला, 1521 मध्ये माक्तान बेटावर मॅगेलन मारला गेला, आणि देशाला नाव स्पेनच्या दुसऱ्या फिलिपवरून मिळालं. स्पॅनिश येण्याआधी तिथे लिहिणं-वाचणं होतं का, हे फारसं कुणी विचारत नाही. कुणी विचारलंच तर 'तिथे सगळे संस्कृत बोलत' छापाचं ढकलपत्र येतं. देवनागरी वाचणाऱ्याला या विषयात बरंच काही आयतं मिळतं, म्हणून हा धागा.

आधी एक गल्लत दूर करतो. लागुनाचा ताम्रपट आणि बायबायिन लिपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताम्रपट फिलिपिन्सच्या लागुना प्रांतात सापडलेला, इ.स. 900 चा, लिपी कावी (जावा बेटाकडची), भाषा मुख्यतः जुनी मलय, तिच्यात भरपूर संस्कृत आणि थोडी जुनी जावानीज व टॅगलॉग (मनिला परिसरातली भाषा). बायबायिन ही टॅगलॉग लोकांची लिपी, तिचे पुरावे सोळाव्या शतकापासून पुढचे. मनिलात 1593 मध्ये लाकडी ठशांवरून छापलेल्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या पुस्तकात टॅगलॉग मजकूर रोमन आणि बायबायिन अशा दोन्ही लिपींत आहे. मधल्या सहाशे-सातशे वर्षांचा दुवा हाती नाही. ताम्रपटाचा फोटो टाकून खाली 'बायबायिनमधला सर्वांत जुना लेख' लिहिलेलं दिसलं तर तो मजकूर तिथेच सोडावा.

दोन्ही लिपींचं मूळ ब्राह्मी घराण्यात, एवढं नक्की. बायबायिन नेमकी कुठून आली यावर मात्र एकमत नाही. कुणी कावीकडून म्हणतं, कुणी सुलावेसीच्या बुगी लिपीकडून, कारण तिथेही शब्दाच्या शेवटचं व्यंजन लिहीत नाहीत. ख्रिस्तोफर मिलर या अभ्यासकाने गुजराती व्यापाऱ्यांच्या लिपीकडे बोट दाखवलं आहे.

अक्षरं सतराच. स्वर तीन: अ, इ/ए, उ/ओ. व्यंजनं चौदा: ब, क, द, ग, ङ, त, न, प, म, य, ल, व, स, ह. प्रत्येक व्यंजनात 'अ' धरलेला. वर छोटी खूण केली की इ किंवा ए, खाली केली की उ किंवा ओ. या खुणेला 'कुदलित' म्हणतात. ऱ्हस्व-दीर्घ नाही, महाप्राण नाहीत, जोडाक्षरं नाहीत. आणि मूळ लिपीत हलन्तही नाही. पुढचा सगळा घोळ या शेवटच्या गोष्टीतून होतो.

तिथीवार

ताम्रपटाच्या तारखेबद्दल लिहितो. पहिली ओळ देवनागरीत साधारण अशी येते: 'स्वस्ति शकवर्षातीत 822 वैशाख मास… चतुर्थी कृष्णपक्ष सोमवार'. यासाठी भाषांतर लागत नाही.

'वर्षातीत' म्हणजे गत वर्षं. त्याच सुमाराला आपल्याकडे राज्य करणाऱ्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांतही 'शकनृपकालातीत' अशीच सुरुवात असते. 822 अधिक 78 म्हणजे इ.स. 900. दिवस 21 एप्रिल, ज्युलियन दिनदर्शिकेप्रमाणे. हा दिवस खरोखर सोमवार येतो, आणि चंद्राचं वय काढलं तर अमावास्येपासून साडेअठरा दिवसांच्या आसपास, म्हणजे कृष्ण चतुर्थीच. तीन स्वतंत्र गोष्टी एकमेकींशी जुळतात, म्हणून तारखेवर भरवसा ठेवता येतो.

पडताळताना दोन ठिकाणी लोक हमखास चुकतात. पहिली चूक: संगणकावर आजची ग्रेगोरियन दिनदर्शिका मागे नेऊन वार काढला की तो सोमवार येत नाही आणि 'तारीख खोटी' म्हणून आरोळी उठते. दोन दिनदर्शिकांत त्या वेळी पाच दिवसांचा फरक आहे. ज्युलियन 21 म्हणजे ग्रेगोरियन 26. दुसरी चूक: पूर्णिमान्त महिना धरणं. उत्तर भारतीय पद्धतीने हा पंधरवडा ज्येष्ठ कृष्ण झाला असता. ताम्रपट वैशाख म्हणतो, म्हणजे गणना अमान्त, महाराष्ट्रात आजही चालते तीच.

तुलनेसाठी: मराठीतला सर्वांत जुना म्हणून सांगितला जाणारा अक्षीचा शिलालेख शके 934 चा. हा पत्रा त्याहून 112 वर्षांनी जुना.

शाईदौत

तिथीवार, छान. मजकुराची भर घालतो.

1989 मध्ये लागुना प्रांतात लुंबान नदीच्या मुखाजवळ वाळू उपसताना हा पत्रा मिळाला. आकार 20 बाय 30 सेंटिमीटरपेक्षा थोडा कमी, ओळी दहा, एकाच बाजूला. पुढच्या वर्षी राष्ट्रीय संग्रहालयाने विकत घेतला. वाचला आंतून पोस्तमा या डच अभ्यासकाने. मिंदोरो बेटावर मांग्यान लोकांत राहून त्यांच्या लिपीवर काम करणारा माणूस.

आपल्याकडे ताम्रपट म्हटलं की भूमिदान डोळ्यांसमोर येतं: तीन पत्रे, कडी, राजमुद्रा. इथे दानही नाही आणि जमीनही नाही. हा कर्ज फिटल्याचा दाखला आहे. नाम्वरान नावाच्या मान्यवराचं 1 काती 8 सुवर्ण इतकं देणं माफ झालं (आजच्या मापात सुमारे 926 ग्रॅम सोनं, असा हिशोब मांडतात), आणि त्याची मुलं व नातेवाईक त्या देण्यातून मोकळे झाले, असं त्यात आहे. ज्यांना दाखला मिळाला त्यांत त्याची मुलगी अंकातान आणि बुकाह यांची नावं येतात. दाखला देणारा तुंदुनचा सेनापती. तुंदुन म्हणजे आजच्या मनिलातला तोंदो भाग, असं बहुतेक अभ्यासक धरतात.

मजकुरातले हे शब्द बघा: शुद्धपत्र, कायस्थ, नायक, सेनापती, जयदेव. 'शुद्धपत्र' हा शोभेसाठी घातलेला शब्द नाही. ऋण फिटल्यावर द्यायच्या लेखाला आपल्या धर्मशास्त्रातही 'विशुद्धिपत्र' म्हणतात. म्हणजे नुसते शब्द गेलेले नाहीत, कागदपत्राचा नमुनाच गेलेला आहे. शेवटी, पुढे कोणी हे देणं बाकी आहे असं म्हणाला तर, अशा अर्थाचं कलम सुरू होतं आणि वाक्य अर्ध्यावर तुटतं. दुसरा पत्रा असणार, तो सापडलेला नाही.

शंकासूर

म्हणजे तिथे भारतीयांचं राज्य होतं हे सिद्ध झालंच की. सोन्याची तारा देवीची मूर्तीही सापडली आहे ना?

शाईदौत

नाही, सिद्ध होत नाही. मूर्ती खरी आहे: 1917 मध्ये मिंदानाओ बेटावर आगुसान प्रांतात नदीकाठी सापडली, वजन पावणेदोन किलोच्या वर, सध्या शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये. पण मूर्ती आणि ताम्रपट दोन्हींवर जावा-सुमात्राकडची छाप आहे. ताम्रपटाची लिपी कावी, भाषा मलय, आणि त्यात 'मदांग' हे नावही येतं, जे जावातल्या तेव्हाच्या राज्याचं आहे. टॅगलॉगमधले गुरो, मुखा, आसा, कथा, दिवाता (देवता) हे शब्दही बहुतेक मलय-जावानीज मार्गाने पोचलेले. माल आपल्याकडचा असला तरी पोचवणारा दुसरा होता. 'राज्य' म्हणायला राजाचा लेख लागतो, तसा एकही नाही.

किल्ली

बोरू, मला लेखनापेक्षा वाचनात रस आहे. सतरा अक्षरं पाठ केली तर 1593 चं पुस्तक वाचता येईल?

बोरू

उच्चार करता येईल, वाचता येणार नाही. कारण हलन्त नसणं.

शब्दातलं ज्या व्यंजनानंतर स्वर नाही ते सरळ गाळलं जातं. 'बुंदोक' म्हणजे डोंगर. त्यातला न् आणि क् दोन्ही गेले, कागदावर उरलं 'बु दु' (किंवा 'बो दो', कारण उ आणि ओची खूण एकच). 'बहाय' म्हणजे घर, उरलं 'ब ह'. 'माय्निला' म्हणजे मनिला, उरलं 'म नि ल'.

आता उलटं करून बघा. कागदावर 'ब त' अशी दोन अक्षरं आहेत. हा शब्द कोणता?
बाता: मूल.
बातास: कायदा.
बांता: धमकी.
बांताय: पहारेकरी.
बांतास: विरामचिन्ह.
पाचही शब्द अगदी तसेच लिहिले जातात. नेमका कोणता ते वाक्यावरून ठरतं, म्हणून आधी टॅगलॉग भाषा आली पाहिजे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ गाळलेला मजकूर आपण संदर्भाने लावतो, त्याच्या दोन पायऱ्या पुढचं काम.

1593 च्या पुस्तकापासून सुरुवात करायची ती यासाठी की त्यात तोच मजकूर रोमनमध्ये आहे. ओळ रोमनमध्ये बघायची, मग बायबायिनमध्ये बोट ठेवून कुठलं व्यंजन गळलं ते टिपायचं. दोन पानांत कान तयार होतो. त्यानंतर मनिलाच्या सांतो तोमास विद्यापीठातली 1613 आणि 1625 ची जमीन विक्रीची दोन खतं. ती हाताने लिहिलेली आहेत, म्हणून अक्षरवळण बदलतं आणि अवघड जातं. 2014 मध्ये त्यांना राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा मिळाला.

जुन्या मजकुरात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. उभ्या रेघा असतात, आपल्या दंडासारख्या, एक किंवा दोन. त्या प्रत्येक शब्दानंतर येतीलच असं नाही; कधी दोन-तीन शब्द एकत्र असतात.

खडूफळा

लिहिण्याची पद्धत सांगतो. गोंदवून घेणारे आणि टी-शर्ट छापणारे हमखास ज्या चुका करतात त्या धरूनच.

पहिलं, आधी ठरवा: जुनी पद्धत की नवी. जुनीत शेवटचं व्यंजन गाळायचं. नवीत त्याखाली फुलीसारखी खूण करून 'अ' मारायचा. ही फुली फ्रान्सिस्को लोपेस या स्पॅनिश पाद्र्याने 1620 च्या इलोकानो भाषेतल्या धर्मशिक्षण पुस्तकासाठी काढली. स्थानिकांनी तिचं कौतुक केलं आणि वापरली नाही, कारण त्यांच्या मते ती लिपीच्या स्वभावाविरुद्ध होती. आज फुली सर्रास चालते. पण एकाच ओळीत अर्धे शब्द जुन्या आणि अर्धे नव्या पद्धतीने लिहिलेले असले की वाचणाऱ्याची पंचाईत होते.

दुसरं, स्पेलिंगवरून लिहू नका, उच्चारावरून लिहा. टॅगलॉगमध्ये अनेकवचनाचा शब्द रोमनमध्ये 'एम-जी-ए' असा तीन अक्षरी लिहितात, पण उच्चार 'मङा'. म्हणून तो म आणि ङ अशा दोन अक्षरांनी लिहायचा. म्, ग, अ असा नव्हे. तसंच 'एन-जी' हा सुटा शब्द 'नङ'. जुन्या पद्धतीत नुसतं 'न', नव्यात न आणि फुलीवाला ङ. इंटरनेटवरची आपोआप रूपांतर करणारी पानं नेमकी इथेच माती खातात. मराठी माणसाला मात्र ङ वेगळा काढणं सोपं जातं, वाङ्मयापुरता का होईना तो आपल्याकडे आहे.

तिसरं, र. जुन्या बायबायिनमध्ये र नाही, द आणि र एकाच अक्षराने लिहितात. टॅगलॉगमध्ये शब्दारंभीचा द दोन स्वरांमध्ये आला की र होतो: दुमी (घाण), पण मारुमी (घाणेरडं). त्यामुळे त्यांना वेगळ्या अक्षराची गरज पडली नाही. हल्ली द ला एक जादा रेघ देऊन र करतात. ते आधुनिक वळण आहे, 'प्राचीन' म्हणून खपवू नये.

चौथं, स्वरानंतर स्वर आला तर खूण नाही, पूर्ण स्वराक्षर. 'मा-उलान' (पावसाळी): म, उ, ल. म च्या खाली खूण केली तर 'मु' होईल. आणि शेवटी य् असेल तर त्याला इ समजू नका. 'बहाय' चं 'ब ह इ' करणं ही नेहमीची चूक.

सरावाला पहिला शब्द 'पिलिपिनो' घ्या. चारही अक्षरांना स्वर आहे, काहीच गळत नाही. प वर खूण, ल वर खूण, पुन्हा प वर खूण, न खाली खूण. 2010 च्या नोटांच्या मालिकेवर हाच शब्द बायबायिनमध्ये छापलेला आहे, ताडून बघता येतो. मग 'माहाल किता' (माझं तुझ्यावर प्रेम आहे): जुन्या पद्धतीत म, ह, कि, त. गोंदणात सर्वांत जास्त दिसणारा मजकूर, आणि सर्वांत जास्त चुकणाराही. बहुतेकदा कि वरची खूण सरकून ह वर जाते.

'क' ओळखायला सोपा: दोन आडव्या नागमोडी रेघा आणि मधोमध त्यांना जोडणारी उभी रेघ. 1896 च्या क्रांतीत कातिपुनान संघटनेच्या काही ध्वजांवर सूर्याच्या आत हाच आहे.

टंकनकार

मोबाइल आणि संगणकासाठी.

युनिकोडमध्ये ही लिपी 2002 च्या 3.2 आवृत्तीत आली, पण विभागाचं नाव 'टॅगलॉग' आहे. 'बायबायिन' शोधाल तर सापडणार नाही. शेजारी हानुनोओ, बुहिद आणि ताग्बान्वा असे तीन विभाग आहेत. अक्षरं सारखी दिसतात म्हणून त्यांतलं एखादं उचललं की शोधयंत्राला तो शब्द वेगळा वाटतो.

टंकनाचा क्रम देवनागरीसारखाच: आधी व्यंजन, मग खूण. उलट केलं तर खूण ठिपक्यांच्या गोलावर लटकते. नोटो सान्स टॅगलॉग हा मोफत फाँट चालतो, आणि जीबोर्डमध्ये कळफलक आहे. वेगळा र आणि हलन्ताची दुसरी खूण (पामुदपोद) 2021 च्या 14 व्या आवृत्तीत आली, त्यामुळे जुन्या फोनवर त्यांच्या जागी चौकोन दिसतात. छापायला पाठवताना मजकूर म्हणून न पाठवता बाह्यरेषा करून पाठवा.

जुने 'बायबायिन फाँट' बहुतेक आपल्या शिवाजी किंवा कृतीदेव जातीचे. आत रोमन अक्षरं, वर फक्त मुखवटा. दुसरीकडे चिकटवलं की रोमन कचरा. त्यात 'एन-जी' साठी मोठी एन दाबायची, फुलीसाठी अधिकचं चिन्ह, असे प्रत्येकाचे निरनिराळे नियम.

रानवारा

सगळे जण लिपी मेली असं धरून बोलताय. टॅगलॉगची मागे पडली. मिंदोरोच्या हानुनोओ आणि बुहिद मांग्यानांची, आणि पालावानच्या ताग्बान्वांची टिकली आहे. 1999 मध्ये या लिपींची नोंद युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत झाली.

हानुनोओ लोक बांबूवर सुरीने कोरतात. बांबू अंगापासून दूर टोक करून धरायचा आणि अक्षरं आपल्याकडून बाहेरच्या दिशेने, म्हणजे खालून वर कोरत जायचं. हात सुरक्षित राहतो आणि सुरीला जोर मिळतो. वाचताना बांबू आडवा केला की डावीकडून उजवीकडे ओळ लागते. ही लिपी 'उभी' की 'आडवी' हा वाद त्यामुळेच. फोटो उभा छापला की स्वरखुणा वर-खाली न दिसता डावी-उजवीकडे दिसतात आणि इ-उ ची अदलाबदल होते. फोटोवरून नक्कल करताना आधी बांबूचं टोक कुठल्या बाजूला आहे ते बघा.

कोरतात ते बहुधा 'अम्बाहान', सात अक्षरांच्या ओळींची यमकबद्ध कविता. हानुनोओत र ला वेगळं अक्षर आहे. आणि वर आलेला पामुदपोद पोस्तमांनीच यांच्या लिपीसाठी आणला. लोपेसची फुली नाकारली गेली, ही मात्र शाळांतून रुजली.

शंकासूर

पण स्पॅनिशांनी सगळे जुने ग्रंथ जाळले म्हणून टॅगलॉग लिपी गेली ना? आणि 1433 ची कालांतियावची दंडसंहिता?

शाईदौत

जाळण्याचं चित्र अर्धवट आहे. स्पॅनिश पाद्र्यांनी बायबायिन शिकून तीत छपाई केली, वर 1593 आलंच आहे. पेद्रो चिरिनो हा पाद्री 1604 मध्ये लिहितो की बहुतेक सगळ्या स्त्री-पुरुषांना लिहिता-वाचता येतं. पण लोक लिहीत होते पत्रं, टिपणं, गाणी, तीही बांबू आणि पानांवर. तिथल्या हवेत ते किती टिकणार? पुढे कर, खटले, जमीन सगळं रोमनमध्ये होऊ लागलं. रोमनमध्ये शेवटचं व्यंजन लिहिता येतं, म्हणजे करारात दोन अर्थ निघत नाहीत. 1745 मध्ये सेबास्तियान दे तोतानेस हा पाद्री नोंदवतो की ही अक्षरं वाचणारा माणूस क्वचित सापडतो.

कालांतियाव संहिता, म्हणजे कालांतियाव नावाच्या जुन्या सरदाराच्या नावावर खपवलेले कायदे, बनावट आहे. होसे मार्को नावाच्या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुढे आणलेल्या कागदांतली. इतिहासकार विल्यम हेन्री स्कॉट यांनी 1960 च्या दशकात कागदपत्रं तपासून ती उघडी पाडली, आणि 2004 मध्ये तिथल्या राष्ट्रीय इतिहास संस्थेने अधिकृतपणे ती नाकारली. तरी स्पर्धा परीक्षांच्या जुन्या पुस्तिकांत आणि संकेतस्थळांवर अजून फिरते.

त्याच मापाची आणखी एक चूक: लिपीला 'अलिबाता' म्हणणं. ते नाव विसाव्या शतकात पॉल वेर्सोसा यांनी अरबी अलिफ-बा-ता वरून घडवलं. या लिपीचा अरबीशी काही संबंध नाही.

किल्ली

बोरू, सरावाला आपली गावं लिहून बघितली तर चालेल का? पुणे, नागपूर, मुंबई, कोल्हापूर, रत्नागिरी?

बोरू

चालेल, चांगला सराव आहे. जुन्या पद्धतीने:

पुणे: प खाली खूण, न वर खूण. (ण-न फरक नाही.) काहीच गळत नाही.
नागपूर: न, ग, प खाली खूण. शेवटचा र गेला. 'ग' मध्ये अ राहतो असं धरलं आहे. 'नाग्पूर' असा उच्चार धरलात तर ग ही जाईल आणि उरेल 'न पु'.
मुंबई: म खाली खूण, ब, मग पूर्ण इ. अनुस्वार गेला.
कोल्हापूर: क खाली खूण, ह, प खाली खूण. ल् आणि र गेले.
रत्नागिरी: द, न, ग वर खूण, द वर खूण. त् गेला, दोन्ही र चे द झाले.

नव्या पद्धतीने लिहायचं तर गळलेलं प्रत्येक व्यंजन परत आणून त्याखाली फुली. मुंबईत अनुस्वाराच्या जागी म, न नाही. ळ साठी ल, श-ष साठी स, भ साठी ब. ज साठी अक्षर नाही. द वर खूण आणि पुढे य असं 'दिय' करून भागवतात, म्हणजे जळगावचं जुन्या पद्धतीने 'दि य ल ग' होईल. सातारा घेतलंत तर स, त, द: एकही खूण लागत नाही.